टक्केवारीच्या उंबरठ्यावर : मानसिक दिव्यांगत्वाचे मूल्यमापन आणि लक्षणांची अतिशयोक्ती

मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आलेली विस्मृती यांच्या आधारे दिव्यांगत्वाचा दाखला, नुकसानभरपाई अथवा एखादी सवलत मागणाऱ्या व्यक्तीने सांगितलेला त्रास आहे तेवढाच आहे की गरजेच्या मापाने वाढवून सांगितलेला आहे, हा प्रश्न मानसिक तपासणी करणाऱ्यापुढे रोज उभा राहतो. मराठीत मात्र त्याची चर्चा बहुधा बोगस दाखल्यांच्या बातमीपलीकडे जात नाही. तुटलेला पाय तपासणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो, मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते. कानात येणारे आवाज, मनाची उदासी किंवा विसराळूपणा यांचा मुख्य साक्षीदार मात्र ज्याला दाखला हवा आहे तोच असतो, आणि दुसरा साक्षीदार त्याच्याच घरचा असतो. तेवढ्यावरून ही साक्ष खोटी ठरत नाही, पण ती पारखून घेण्याचे काम तपासणाऱ्याच्या गळ्यात पडते. ही पारख कशी केली जाते, ती कोठे फसते, आणि बारामती व इंदापूर या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांसारख्या प्रदेशात परदेशी चाचण्या जशाच्या तशा लावल्या तर अन्याय कोणावर होतो, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

दिव्यांगत्वाविषयीच्या १९९५ च्या कायद्याने ज्या सात प्रकारांना मान्यता दिली होती त्यांत मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे दोन्ही होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ वर नेली आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत कायम राहणारी अडचण, यांनाही स्थान दिले. या कायद्याचा कणा म्हणजे ४० टक्क्यांची अट होय. जिचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित होते ती व्यक्ती ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेली ठरते आणि शासकीय नोकरीतील चार टक्के व उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षणास पात्र होते. नोकरीतील चार टक्क्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्या वाट्याला एकत्रित येतो. ३९ टक्के मिळालेल्या माणसाचा त्रास ४१ टक्केवाल्यापेक्षा कितीसा निराळा असणार, हे कोणीही सांगू शकेल. तरीही एकाला सगळे मिळते आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. अतिशयोक्तीचा उगम शोधायचा तर माणसाच्या स्वभावाआधी या एका रेषेकडे पाहावे लागते.

बारामती आणि इंदापुरात या रेषेपाशी येणारी माणसे एका साच्यातली नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक दीड हजार रुपये, जे दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये अडीच हजार झाले, ते घरात यावेत म्हणून आजारी मुलाला घेऊन येणारी विधवा आई यांत असते. एसटीच्या प्रवासभाड्यातील ७५ टक्के सवलतीसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीसाठी येणारा असतो. औद्योगिक वसाहतीत यंत्राजवळ झालेल्या अपघातानंतर ‘डोके चालत नाही’ अशी तक्रार करणारा कामगार असतो. पुणे-सोलापूर महामार्गावर दुचाकीवरून पडलेला आणि मोटार अपघात दाव्यात भरपाई मागणारा तरुण असतो. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून आलेला विद्यार्थी असतो. आणि बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या ‘विशेष संवर्ग भाग एक’मध्ये बसू पाहणारा जिल्हा परिषदेचा शिक्षकही असतो. यांपैकी प्रत्येकाला हवी असलेली गोष्ट वेगळी, तिची किंमत वेगळी आणि म्हणून वाढवून सांगण्याचा मोहही वेगळ्या वजनाचा. महिना अडीच हजारांसाठी आलेली आई आणि सोयीच्या शाळेसाठी आलेला पगारदार यांना एकाच संशयाच्या चाळणीतून गाळणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. तथापि मानसोपचाराच्या जुन्या मोठ्या शासकीय सोयी, म्हणजे येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ससून, शंभर किलोमीटर दूर पुण्यात आहेत, आणि इंदापूरकरांना ते अंतर त्याहूनही जास्त पडते. या अंतराचा संबंध पुढे येणाऱ्या एका मुद्द्याशी आहे.

मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगत्वाची टक्केवारी ज्या मापाने काढतात ते ‘आयडियाज’ या नावाने ओळखले जाते. भारतीय मानसोपचार संघटनेच्या पुनर्वसन समितीने ते तयार केले आणि २००२ पासून ते शासनमान्य आहे. त्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशी चार अंगे असून प्रत्येकाला शून्य ते चार गुण दिले जातात. त्यांच्या बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात, दोन वर्षांहून कमी असेल तर एक, दोन ते पाच वर्षांसाठी दोन, सहा ते दहा वर्षांसाठी तीन आणि दहा वर्षांहून जुन्या आजारासाठी चार. एकूण वीसपैकी एक ते सहा गुण म्हणजे ४० टक्क्यांहून कमी, सात ते तेरा म्हणजे ४० ते ७० टक्के, चौदा ते एकोणीस म्हणजे ७१ ते ९९ टक्के आणि वीस म्हणजे शंभर टक्के. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले की अतिशयोक्तीचे अर्थशास्त्र उलगडते. बारा वर्षे आजारी असलेल्या माणसाला कालावधीचेच चार गुण मिळालेले असतात; उंबरठा ओलांडायला चार अंगांत मिळून आणखी तीन गुण पुरतात. वर्षभरापूर्वी आजार जडलेल्या माणसाला मात्र सहा गुण कमवावे लागतात, जरी त्या वर्षात त्याचे घर उद्ध्वस्त झालेले असले तरी. सहाचे सात व्हायला एकच गुण लागतो, आणि तो मिळवण्यासाठी संपूर्ण आजाराचे सोंग आणण्याची गरज नसते. ‘कधीकधी’च्या जागी ‘नेहमी’ आणि ‘थोडेफार करतो’च्या जागी ‘काहीच करत नाही’ एवढा बदल पुरेसा होतो. मूल्यमापनात खऱ्या अर्थाने भेटणारी अतिशयोक्ती बहुतांश या जातीची असते. नसलेला आजार उभा करणारे दुर्मीळ, असलेला आजार टक्क्यात बसवू पाहणारे पुष्कळ.

यातील ‘काम’ हे अंग शेतकरी घरांत सर्वाधिक घोटाळ्याचे ठरते, कारण हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही आणि कामाचे मोल घरातच जिरलेले असते. नीरा डावा कालवा १८८५ पासून या भागाला पाणी देतो आणि त्याच्या आवर्तनाप्रमाणे रात्री-बेरात्री उसाला दारे धरावी लागतात, म्हणजे पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवावे लागते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचार आणि भास यांवरचा ताबा सुटणारा दीर्घ आजार, असलेला तिशीतला मुलगा ‘काहीच काम करत नाही’ असे आईने सांगावे आणि तोच मुलगा दारे धरताना गावातल्या कोणी पाहिलेला असावा, ही परिस्थिती वरवर पाहता उघड खोटेपणाची वाटते. परंतु टप्प्याटप्प्याने विचारले की चित्र पालटते : फावडे घेऊन तो जातो का, तर जातो; पाणी सरीच्या शेवटापर्यंत पोचले हे त्याच्या लक्षात येते का, तर कधी येते, कधी तो बांधावर बसून स्वतःशी बोलत राहतो; पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेले तर तो काय करतो, तर काही नाही; म्हणून थोरल्या भावाला रात्रभर त्याच्याबरोबर जागावे लागते. आईचे ‘काहीच नाही’ शब्दशः खोटे आहे आणि अर्थाने पुष्कळसे खरे आहे, कारण त्याच्या हातून एका माणसाचे काम होत नाही आणि दुसऱ्या माणसाचे काम वाढते. अशा तपशिलाची नोंद करणारा तपासनीस या अंगाला योग्य गुण देऊ शकतो; ‘काम करतो का? हो की नाही?’ एवढेच विचारणारा मात्र स्वतःच अतिशयोक्तीला आमंत्रण देतो, कारण त्याने खऱ्या उत्तराला जागाच ठेवलेली नसते.

बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीतही अडचणीचे मूळ असेच आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूप सिद्ध केले आणि नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी तयार केली. मालिन यांनीच वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपही घडवले, ज्यात ८९ बाबींवरून मूल स्वतः जेवते का, बटणे लावते का, एकटे दुकानात जाते का हे पालकांना विचारून त्याचे ‘सामाजिक वय’ काढतात. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ही कामे आहेत. तथापि या सर्व साधनांचे एक गृहीतक आहे की मूल मनापासून प्रयत्न करील आणि पालक खरे तेच सांगतील. त्या गृहीताची तपासणी करणारी कोणतीही सोय या चाचण्यांच्या आत नाही. मुलाने एखादे कोडे मुद्दाम सोडवले नाही की त्याला ते सुटलेच नाही, हे गुणपत्रिका सांगत नाही. अनुभवी तपासनीस म्हणून चाचणीबाहेर पाहतो : पाच ठोकळे मोजता न येणारा मुलगा बाहेर बाकावर बसून भ्रमणध्वनीवर हवा तो खेळ शोधून काढतो का, अवघड प्रश्नाचे उत्तर देऊन सोप्या प्रश्नाला गप्प बसतो का, उत्तरापूर्वी बापाच्या तोंडाकडे पाहतो का. यांपैकी कशानेही काही सिद्ध होत नाही. कोठे अधिक खोलात जायचे एवढे मात्र कळते.

वाढवून सांगितलेली लक्षणे ओळखण्याचे शास्त्र पाश्चात्त्य देशांत भरपाईच्या खटल्यांतून वाढले. रेल्वे अपघातानंतर दिसण्याजोगी इजा नसतानाही प्रवासी महिनोन् महिने खंगतात, या अनुभवावर लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये लिहिले आणि रेल्वे कंपन्यांच्या बाजूने त्यांच्या मताला वर्षानुवर्षे विरोध झाला. १८९८ मध्ये जर्मन वैद्य सिगबर्ट गान्झर यांनी अशा कैद्यांचे वर्णन केले जे साध्या प्रश्नांना बरोबर उत्तराच्या अगदी शेजारचे चुकीचे उत्तर देत, दोन आणि दोन पाच म्हणत. हे सोंग होते की उन्मादाचा प्रकार, यावर अजूनही एकमत नाही. ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले की अपघातानंतरच्या कितीतरी तक्रारी दावा निकाली निघताच नाहीशा होतात. पुढील संशोधकांनी निकालानंतरही अशा लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांतील अनेक जण तसेच आजारी राहिल्याचे आढळले. ‘पैसे मिळाले की बरा होईल’ हे वाक्य मात्र विमा कंपन्यांच्या वकिलांच्या तोंडी राहून गेले आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. भरपाईच्या दाव्यात प्रतिपक्षाचा सगळा भर दुसऱ्या बाजूवर असतो, की पैशासाठी कोणतेही सोंग आणता येते.

येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. बाहेरच्या लाभासाठी जाणूनबुजून केलेला बनाव ही एक, जिला रोगनिदानाच्या पुस्तकांत आजार मानत नाहीत. कोणताही लाभ नसताना रुग्ण म्हणवून घेण्यासाठी केलेला बनाव ही दुसरी, जी स्वतःच एक विकृती समजली जाते. आणि मनावरील ताणातून शरीरात उमटणारी, रुग्णाच्या इच्छेवर नसलेली लक्षणे ही तिसरी. तीनही एकाच माणसात, एकाच वेळी, खऱ्या आजाराच्या अंगावर चढलेली आढळू शकतात. हेतू नेमका कोणता हे चाचणीने कळत नाही. चाचणी फार तर एवढे सांगते की मिळालेली उत्तरे विश्वासार्ह नाहीत.

या चाचण्या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात माणूस प्रयत्न किती करतो हे पाहतात आणि त्यांना कामगिरी-वैधता चाचण्या म्हणतात. टॉम टॉम्बॉ यांची १९९६ ची स्मृतीची चाचणी हे त्यांचे सुप्रसिद्ध उदाहरण असून तीत नेहमीच्या वस्तूंची ५० रेखाचित्रे दाखवून नंतर प्रत्येक वेळी दोन चित्रांतले आधी पाहिलेले ओळखायला सांगतात. डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरीने २५ उत्तरे बरोबर यावीत. कोणाची १८ हूनही कमी आली तर केवळ नशिबाने तसे घडणे फार विरळ असते, आणि बरोबर चित्र ओळखूनच त्याने दुसऱ्यावर बोट ठेवले असा तर्क सबळ होतो. भाषेचा आधार कमी आणि शिक्षणाची गरज बेताची असल्यामुळे ही रचना ग्रामीण महाराष्ट्रात त्यातल्या त्यात उपयोगी पडण्यासारखी आहे.

आंद्रे रे यांची पंधरा चिन्हांची चाचणी मात्र स्वस्त, झटपट आणि म्हणून सर्वत्र वापरली जाणारी असली तरी या भागात धोक्याची आहे, आणि का, ते तिचा कागद समोर ठेवला की कळते. कागदावर पाच ओळी असतात : तीन मोठी रोमन अक्षरे, तीच तीन लहान लिपीत, एक-दोन-तीन हे अंक, तेच तीन आकडे रोमन पद्धतीने आणि तीन भौमितिक आकृत्या. दहा सेकंद दाखवून कागद काढून घेतात आणि आठवेल ते लिहायला सांगतात. चिन्हे पंधरा असली तरी शिकलेल्या माणसाला ती पाचच गोष्टी म्हणून दिसतात, त्यामुळे मेंदूला बऱ्यापैकी इजा झालेला माणूसही नऊच्या वर जातो आणि त्याखाली राहणारा संशयास्पद ठरतो. पण ही सोपी गोष्ट सोपी आहे ती रोमन लिपी हाडीमाशी खिळलेल्या माणसाला. चौथीनंतर उसाच्या फडात गेलेल्या मजुराला लहान आणि मोठ्या लिपीतील एकच अक्षर ही दोन निरनिराळी चिन्हे आहेत, रोमन आकडे म्हणजे उभ्या रेघा आहेत, आणि त्याच्यापुढे खरोखरच पंधरा वस्तू ठेवलेल्या आहेत. कमी शिक्षण आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ही चाचणी चुकीने खोटे ठरवते, हे पाश्चात्त्य संशोधकांनीच दाखवले आहे. तरीही ‘चाचणीत नापास, सबब बनाव’ असे अनुमान इकडे निघाले तर दोष कागदाचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लक्षण-वैधता चाचण्यांत, माणूस त्रास कसा सांगतो हे तपासतात. खऱ्या रुग्णांत क्वचित आढळणारी लक्षणे, एकत्र सहसा न येणारी लक्षणे, विचारले ते सगळे होकारून टाकण्याची वृत्ती आणि प्रत्येक त्रास पराकोटीचा असल्याचे सांगणे, या खुणांवर रिचर्ड रॉजर्स यांची मुलाखतपद्धती आणि मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीतील काही उपश्रेणी आधारलेल्या आहेत. येथे अडचण येते ती माणसे दुःख ज्या भाषेत सांगतात तिची. डोक्यात मुंग्या चालतात, अंगातून गरम वाफा निघतात, कोणीतरी उरावर बसते, काळजाला पीळ पडतो, बाहेरची बाधा आहे, अमावास्येला अंगात येते : यांपैकी प्रत्येक वाक्य भाषांतरित प्रश्नावलीत अतर्क्य लक्षण म्हणून नोंदले जाईल आणि यांपैकी एकही याच तालुक्यांतील निमगावच्या किंवा माळेगावच्या माणसाला अतर्क्य वाटणार नाही. शिवाय मोठ्या हुद्द्याच्या माणसाने विचारले की मान डोलवायची ही सवय इतकी खोल आहे की ‘होय साहेब’ हे उत्तर कित्येकदा प्रश्न ऐकल्याची पावती असते. सगळ्याला होकार देणाऱ्याला एखादा उलट प्रश्न, ज्याचे खरे उत्तर ‘नाही’ असणारच, विचारून पाहिल्याशिवाय त्या होकारांवर काही रचू नये.

चाचणी चांगली असली तरी तिचा निकाल किती विश्वसनीय हे ज्या समूहावर ती वापरली त्यात बनाव करणारे किती आहेत यावर अवलंबून असते, आणि हा हिशेब फार थोडे लोक मांडतात. उदाहरणादाखल अशी चाचणी घेऊ की जी बनाव करणाऱ्या शंभरांतील ६० जणांना पकडते आणि प्रामाणिक शंभरांतील १० जणांना चुकून दोषी ठरवते. शंभर अर्जदारांत बनाव करणारे ३० असतील तर ती त्यांतले १८ पकडेल आणि ७० प्रामाणिकांतले सात अडकवेल. बोट दाखवलेल्या २५ पैकी १८ खरोखरच दोषी. त्याच शंभरांत बनाव करणारे दहाच असतील तर ती सहा पकडेल आणि नव्वदांतले नऊ निरपराध अडकवेल, म्हणजे जाळ्यात चोरांपेक्षा साव जास्त. अमेरिकेतील खटल्यांच्या समूहावर ठरवलेली सीमारेषा इंदापूरच्या बाह्यरुग्ण विभागात वापरणारा या दोनपैकी कोणत्या समूहासमोर बसला आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या किमान दोन कसोट्यांत अपयश आल्यासच शंकेची नोंद करावी, हा आता सर्वमान्य होत चाललेला नियम येथे दुप्पट काटेकोरपणे पाळावा लागतो.

कसोट्यांहून भरवशाचा आधार म्हणजे जुन्या नोंदी : उपचार केव्हा सुरू झाले, कोणती औषधे, किती काळ, मधे दवाखान्यात दाखल केले होते का. तक्रार आणि कागद यांचा मेळ बसला तर अर्धे काम होते. परंतु राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने, जे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केले आणि ज्यात महाराष्ट्र नव्हता, वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर असल्याचे नोंदवले आहे. बारामती-इंदापुरातील चित्र फार वेगळे असेल असे मानायला कारण नाही. नोंदींच्या नावाने येथे प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेल्या चार चिठ्ठ्या निघतात, एखादी येरवड्याची, एखादी खासगी दवाखान्याची, आणि मधली सहा वर्षे कोरी असतात, कारण त्या काळात गाडीभाड्याला पैसे नव्हते किंवा देवऋषी चालू होता. कागद नसणे हा बनावाचा पुरावा मानला तर सर्वांत गरीब आणि सर्वांत दूरचा माणूस सर्वांत आधी खोटा ठरतो.

संशयाच्या चर्चेत नेहमी दृष्टीआड होणारी दुसरी बाजू लपवण्याची आहे. मुलीचे स्थळ पाहताना जे घर तिच्या आजाराविषयी अवाक्षर काढत नाही, तेच घर धाकट्या मुलाच्या दाखल्यासाठी त्याच आजाराचे वर्णन रंगवून करते. दोन्ही वेळा खोटे बोलले जाते, दोन्ही वेळा कारण घर चालवण्याचे असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तीव्र स्किझोफ्रेनियात आपण आजारी आहोत हेच रुग्णाला मान्य नसते. तो दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे ताठ बसून ‘मला काही झालेले नाही, घरच्यांनी माझ्यावर काहीतरी केले आहे’ असे सांगतो, आणि शेजारी आई पदर डोळ्याला लावून उलट सांगत असते. सर्वांत कमी लक्षणे सांगणारा सर्वांत अधिक आजारी, असे या क्षेत्रात वारंवार घडते, आणि केवळ अतिशयोक्ती शोधायला बसलेल्या तपासनिसाच्या ते हातून निसटते.

जुलै २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात प्रशिक्षणासाठी आलेल्या एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. त्यांत दृष्टिदोषाबरोबर मानसिक आजाराचाही उल्लेख होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी उमेदवारी रद्द केली ती ओळख बदलून परीक्षेच्या मर्यादेहून अधिक संधी घेतल्याच्या कारणावरून; आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे आणि येथे तो करण्याचे प्रयोजन नाही. त्यानंतरच्या वर्षी राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांसह शासकीय कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची पडताळणी हाती घेतली. अशा मोहिमा आवश्यक आहेत, पण त्यांनी काय सापडते हे नीट समजून घेतले पाहिजे. बनावट शिक्का, कधी न भरलेल्या बोर्डाची सही, पैसे देऊन मिळवलेली टक्केवारी हे कागदाचे आणि भ्रष्टाचाराचे गुन्हे असून त्यांचा शोध नोंदवही आणि ऑनलाइन प्रणाली तपासून लागतो. बोर्डापुढे रीतसर बसून वाढवून सांगितलेल्या लक्षणांचा शोध त्या मार्गाने लागत नाही, आणि या दोहोंची सरमिसळ झाली की दलालाच्या पापाची शिक्षा खऱ्या मनोरुग्णाला फेरतपासणीच्या रांगेत भोगावी लागते. अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये लबाडीने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले आहेत. तेथे सिद्ध करावी लागते ती लबाडी, आणि कोणत्याही मानसिक चाचणीचा आकडा एकट्याने ती सिद्ध करीत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाच्या दोन्ही कडा पाहिलेल्या आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले आणि उपचार न केलेल्या डॉक्टरांनी दिलेल्या तयार दाखल्यांबाबत न्यायाधिकरणांना सावध केले. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने लेखनिकाच्या सवलतीला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असे म्हटले आणि काही जण गैरफायदा घेतील या भीतीपोटी गरजवंताची सोय नाकारण्याची वृत्तीही अमान्य केली. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर तपासनिसाला आपल्या अहवालाची भाषा सापडते. ‘अर्जदार खोटे बोलत आहे’ हे वाक्य त्याच्या अधिकारातले नाही. ‘आजच्या तपासणीत मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, अमुक प्रश्नावर अर्जदाराने आणि त्याच्या भावाने विसंगत माहिती दिली, दोन वैधता कसोट्यांत अपेक्षेहून कमी कामगिरी आढळली, अर्जदाराचे शिक्षण चौथीपर्यंत असल्याने त्यांतील एकीचा निकाल ग्राह्य धरलेला नाही, जुना आजार असल्याचे औषधांवरून दिसते, सबब टक्केवारी आज निश्चित करता येत नाही’ हे आहे. असा अहवाल लिहायला अर्धा तास जास्त लागतो आणि बोर्डाच्या दिवशी बाहेर रांग असते, ही अडचण खरी आहे. परंतु प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा कमी टक्के मिळाले तर अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे अपील करण्याचा हक्क अर्जदाराला आहे, आणि अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी खोलीत काय घडले याची दुसरी कोणतीही नोंद नसते.